शनिवार सकाळ, आठ ते अकरा

मॉरिसव्हिल,
१४ ऑक्टोबर २००४

प्रिय शरयू,

अदितीला आणि बाळाला आशीर्वाद. बाळ हट्टी आहे म्हणालीस, म्हणजे मावशीवर गेलंय. इकडे सगळं ठीक. ऑफिसात पुन्हा मॅनेजर बदलला. तुझ्या कुंडीतल्या मेथीला रोज पाणी घालतो.

फोनवर रोज बोलतो, बुधवारी तू परतही येतेस, मग पत्र कशाला, असं वाटेल. फोनवर तू मध्येच काहीतरी विचारतेस आणि मी विषय बदलतो. आज मला विषय बदलायचा नाहीये.

तुझे वेन्डेलकाका आता रेडिओवर बोलणार नाहीत. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. आठवडाभर लोकांचे नळ दुरुस्त करायचे आणि शनिवारी आठ ते अकरा ब्लूग्रास गाण्यांच्या जुन्या रेकॉर्ड लावायच्या, एक्केचाळीस वर्षं, एक पैसा न घेता. गाणाऱ्याचं नाव सगळेच घेतात, मागे बॅन्जो-फिडल वाजवणाऱ्यांचं कोण घेणार, म्हणून प्रत्येक रेकॉर्डचं एक कार्ड, आणि गाणं संपलं की त्यावरचं एकेक नाव वाचायचं.

हे मी तुला काय सांगतोय! पण ते आधी मला सापडले होते. अठ्ठ्याण्णव साली ग्रोसरीला जाताना कारमध्ये ऐकलं आणि पार्किंगमध्ये तासभर बसून राहिलो. त्यांना पत्र मी लिहिलं, रेकॉर्डांची खोकी मी उचलली, तुला हौसेनं स्टेशनवर नेलं तेही मीच. आणि तू पहिल्याच दिवशी म्हणालीस, "पट्टी चढल्यासारखी वाटतेय." मी तुला डोळ्यांनी दटावलं. त्यांनी तपासलं, तर टर्नटेबल खरंच जरा वेगात फिरत होतं, किती महिने कोण जाणे. त्या दिवसापासून त्यांच्या शेजारची खुर्ची तुझी. मी "यंग मॅन", तू "मिस शरयू". नागपूरला बाईंकडे दहा वर्षं गाणं शिकलेली बायको; मला कौतुक वाटायला हवं होतं. चारचौघांत मी ते केलंही. आतून मात्र जळत होतो. मला तुझा हेवा वाटतो, शरयू. अजूनही वाटतो.

आता गणपतीचं.

आदल्या संध्याकाळी तू स्वयंपाकघरात मोदकांसाठी नारळ खवत होतीस. फोन मी घेतला. वेन्डेलकाका हॉस्पिटलमधून बोलत होते. "टेल मिस शरयू, टुमॉरोज शो इज हर्स. ऑल बाय हरसेल्फ." पूजेसाठी तू त्या शनिवारची सुट्टी घेतली होतीस, पण पूजा बाराला होती. तू आरामात जाऊन आली असतीस. मी म्हटलं, "सॉरी, इट्स अ बिग रिलिजस डे फॉर अस. शी सेज शी कान्ट." कोणाचा फोन, असं तू विचारलंस. मी म्हटलं, मंडळाचे नरेंद्रकाका, आरतीची वेळ विचारत होते.

शनिवारी स्टेशननं जुनी टेप लावली. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा. मी सोवळं नेसून अथर्वशीर्ष म्हणत होतो.

सोमवारी तुला ते आजारी असल्याचं कळलं. तू एवढंच म्हणालीस, "मला का नाही बोलावलं त्यांनी? मी शेवटी पाहुणीच ना." आणि स्टेशनवर जाणं बंद केलंस. व्हिसामुळे तुला नोकरी करता येत नाही. ह्या देशात तुझं स्वतःचं असं तेवढं एकच होतं. मी गप्प राहिलो, आणि खरं सांगतो, जरा बरंही वाटलं.

काल त्यांनी मला घरी बोलावून शो दिला. म्हणाले, मिस शरयूला सवड नसते, तुला आवड तर आहे. सहा वर्षं ज्याची वाट पाहिली, ते असं पदरात पडलं. मी लगेच हो म्हटलं. कार्डांची खोकी गाडीत घालून घरी आलो आणि वाचत बसलो. त्यांच्या अक्षराखाली जिथे तिथे तुझं अक्षर: इथे दुसरा आवाज खालून लागतो, हा फिडलवाला शेवटच्या कडव्यात मुद्दाम मागे राहतो. ही सगळी गाणी मी तुझ्याआधीपासून ऐकतोय. एकाही कार्डावर मला भर घालता येईना.

आज सकाळी जाऊन त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "डझ शी नो?"

"नो."

"देन व्हाय आर यू टेलिंग मी, सन?"

म्हणून हे पत्र; एक्स्प्रेसनं पाठवतोय, तू निघायच्या आत पोचेल. परवा पुन्हा टेपच लागेल. त्यापुढचा शनिवार तुझा आहे, ते तुझ्या फोनची वाट पाहतायत. आधी त्यांना फोन कर. मला नंतर कर, किंवा करूच नकोस. बुधवारी विमानतळावर मी येईन. मी नको असेन, तर शेजारच्या आश्लेषाला तुला घ्यायला यायचं सांगून ठेवलंय. कारण तिला सांगितलेलं नाही, ते तू सांगितलंस तरी चालेल.

तू रेडिओवर बोलायला लागलीस की मी ऐकणार, आणि मला पुन्हा हेवा वाटणार. तो जाईल असं खोटं वचन देत नाही. तुझा निरोप मात्र यापुढे तुझ्यापर्यंत पोचेल.

अजून तुझा असलो, तर तुझाच,
उल्हास