आक्काच्या तांदळातले सोंडे

दापोडी,
फेब्रुवारी १९७६

तीर्थरूप गोजाआक्काच्या पायाशी धाकट्या भीमराजचा जयभीम.

गुडघे काय म्हणतात? अजून ओढ्यावर धुणं घेऊन जातेस, की भैरूने तुला घरी बसवलं एकदाचं? (भैरू, पत्र वाचताना स्वतःचं नाव आलं की तू घाई करतोस. आईला सगळं सावकाश वाचून दाखव.) मी बरा आहे. दमा आहे, पण तो आता घरचाच झालाय.

संक्रांतीला तू माणहून आंबेमोहराचं पोतं घेऊन आलीस. आमच्या सूनबाईने, प्रभावतीने, तांदूळ सुपात घेतले आणि भोळेपणाने म्हणाली, "आत्याबाई, सोंडे झालेत हो." तू म्हणालीस, "माझ्या तांदळाला? आमच्या कणगीत आजवर किडा न्हाई!" आणि वाढलेलं ताट सोडून बसस्टॉपवर जाऊन उभी राहिलीस. तेव्हापासून तुझा निरोप नाही. प्रभावती तो तांदूळ शिजवत नाही आणि दुसरा घरात आणू देत नाही. सगळं घर बाजरीवर आहे. (आमचा पोरगा उद्धव तेवढा कंपनीच्या कँटीनमध्ये चोरून भात खातो आणि घरी येऊन भाकरीकडे प्रेमाने बघतो.)

शेवटी तपास मीच हाती घेतला. गल्लीच्या टोकाला दौलतराव राहतात, ते शेतकी कॉलेजात किडे शिकवतात. त्यांनी भिंग दिलं आणि सांगितलं की या सोंड्यांत दोन सख्खे भाऊ असतात, एक तांदळाचा आणि एक मक्याचा. (तिसरा भाऊ थंड मुलखातला. त्याच्या पाठीवर ठिपके नाहीत, उडायला पंख नाहीत. तो आपल्याकडे कशाला येतोय!) दोघांच्या पाठीवर चार तांबूस ठिपके, छातीवर सुईने टोचल्यासारखे गोल खळगे. पण मक्याचा अंगाने मोठा, जरा काळसर, ठिपके ठसठशीत आणि उडण्यात पटाईत. हे ऐकलं आणि मला शेजारच्या कौसल्याबाईंचा मक्याचा डबा आठवला. तो जागेअभावी आमच्याकडे, तुझ्या पोत्याला टेकूनच ठेवलाय!

वर्तमानपत्रावर सोंडे ओतून भिंग लावलं. आक्का, काय ते रूप! तिळाएवढा जीव, पण सोंड हत्तीची, आणि त्या सोंडेतूनच फुटलेल्या, कोपरात वाकवलेल्या मिशा. अशा जिवावर शाळेच्या पुस्तकात कविता का नव्हती? आठवतं, तुला अक्षर येत नव्हतं, तरी चुलीपाशी बसून माझ्याकडून कविता म्हणवून घ्यायचीस. मी एखादी ओळ गाळली की तुला चालीवरूनच कळायचं आणि तू पळी उगारायचीस. (डोळ्यांत पाणी आलं ते दम्यामुळे.) तेवढ्यात माझं बोट लागलं, तर सगळ्यांनी पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग केलं. उद्धव रेशनच्या रांगेसाठी उठवतो तेव्हा मी अगदी असाच पडून राहतो. मेले समजून मी चष्मा पुसायला घेतला, तर एक जण उठला आणि उडाला तो थेट माझ्या चहात. प्रभावती म्हणाली, "मामा, आता चहापण बंद करायचा का?"

पण उडाला ना! म्हणजे मक्याचाच. काळाही दिसत होता. (चहात पडल्यावर कोण काळं दिसत नाही, ही शंका मी मनातच ठेवली.) तेव्हा तुझा तांदूळ निर्दोष आहे. कौसल्याबाईंना अजून काही बोललो नाही. त्यांच्याशी भांडायला मला तू लागशील.

तुझा,
भिमू

ता. क. भैरू, एवढं मनात वाच. दौलतराव म्हणतात, तांदळाचा सोंड्याही उडतो. दोघे भाऊ तांदूळही खातात, मकाही खातात. बाहेरून बघून खात्री देता येत नाही; नराचं पोट उघडून आत पाहावं लागतं. हे आईला सांगू नकोस.

ता. क. आक्का, भैरू मध्येच गप्प झाला ना? गाळलेलं सगळं त्याच्याकडून म्हणवून घे. पळी घे हातात.

ता. क. आत्याबाई, मी प्रभावती. पत्र पेटीत टाकायला मामांनी माझ्याकडे दिलं, म्हणून हे लिहितेय. कौसल्याबाईंचा मका मी कालच पाहिला, त्यात एकही किडा नाही. मामांना सांगितलेलं नाही. तुमचा तांदूळ ऊन दाखवून, निवडून ठेवलाय. रविवारी आधण ठेवते.