हलतं ठेवायचं

३ जानेवारी, कळंब

येडशीहून दुपारच्या एसटीनं पोचलो. सारी हयात शाळेत मराठी शिकवण्यात गेली. आता लेकाच्या घरी नवी नोकरी, नात सांभाळायची! कृष्णराज स्टँडवर स्कूटर घेऊन उभा होता. सून अर्पिता लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग घरीच करते, म्हणून गौरीचा पाळणा तिच्याच खोलीत, टेबलासमोर. पाळण्याशेजारी खिडकी आणि खिडकीपाशी माझी आरामखुर्ची. शेजारच्या हरणाबाई बघायला आल्या. म्हणाल्या, मास्तर, आता पाळण्यातल्या पोरीकडून बी पाढे म्हणून घेता का काय? म्हटलं, पाढे न्हाय, कविता! गौरी तेवढ्यात हसली. हसली की गाल जास्वंदीसारखे फुलतात.

५ जानेवारी

टेबलावर अर्पिताचा नवा मॉनिटर आहे, ओएलईडी. त्यावरून नवराबायकोची रोज चकमक. कृष्णराज म्हणतो, साधा घेतला असता तर बघायला नको होतं, हा टिकायचा किती? अर्पिता म्हणते, नवरीचा शालू लाल का आमसुली, ते तुम्ही येऊन सांगणार का?

मग मला समजावून सांगितलं. यातला प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतःच झिजतो. एकच चित्र फार वेळ तसंच राहिलं की तिथले ठिपके आधी थकतात, डाग बसतो, तो जात नाही. म्हणून ती खालची पट्टी लपवते, मागचं चित्र काळंभोर ठेवते, उठली की पडदा बंद. हलतं ठेवायचं, आबा, मग टिकतो वर्षानुवर्षं.

मला आमचा फळा आठवला. कितीही पुसला तरी सकाळच्या कवितेच्या ओळी दुपारच्या गणितामागून अंधूक वाचता यायच्या. पोरं गणित करायची, मी मागची कविता वाचत उभा. ती ओल्या खडूची दुपार कुठं गेली कोण जाणे.

११ जानेवारी

पडद्यावर डाग बसला. राखाडी रंगावर स्पष्ट दिसतो. वेटोळं घातलेलं मांजर, शेपटीसकट. हरणाबाईंची काळी मनी खिडकीत रोज अशीच तासन् तास निजते. अर्पितानं मला विचारलं, आबा, मनीचा फोटो लावून ठेवला होता का? मी त्या यंत्राला हात लावलेला नाही. कृष्णराजला निमित्तच मिळालं. जेवताना म्हणाला, बघ, झाला ना म्हातारा तुझा पडदा!

१५ जानेवारी

मनी मेली. त्याच खिडकीत, झोपल्यासारखी. हरणाबाई रडत म्हणाल्या, ही आमची न्हायच मास्तर, आमची काळीभोर व्हती. ही राखेच्या रंगाची. गळ्यातलं घुंगरू मात्र तिचंच.

पडद्यावरचा डाग आता काळाकुट्ट झालाय. केस न् केस दिसतो.

१९ जानेवारी

दुसरा डाग. अगदी मधोमध. आधी वाटलं होडी आहे. मग ओळखलं. पाळण्याचा खोलगट आकार, त्यात एक चिमुकली मूठ.

गौरीच्या गालांवरचा रंग उतरलाय. डॉक्टर म्हणाले रक्त कमी आहे, थेंब लिहून दिले. मी मनात होतं ते बोललो, पडदा मनीसारखा हिचाही रंग ओढून घेतोय. अर्पिता चिडली. पडद्याचा दोष पडद्यात राहतो, आबा, लेकराला कशाला लावता? तरी माझ्या समाधानासाठी पाळणा आणि खुर्ची बाहेरच्या खोलीत आणली.

२२ जानेवारी

काही उपयोग नाही. रात्री वायर काढून ठेवली, पडदा भिंतीकडे फिरवला. सकाळी डाग वाढलेला, बंद पडद्यावरही दिसणारा. आता ओठही दिसतात. बंद पडद्यावर डाग वाढतो कसा?

काल हरणाबाईंनी गौरीला कडेवर घेऊन सारा बाजार फिरवला. तेवढ्या वेळात डाग फिका झाला होता. मी पाहिलं. निजली, की परत गडद.

म्हणजे ती हलती राहिली पाहिजे.

२५ जानेवारी

दोघं तेरखेड्याला लग्नाचं शूटिंग करायला गेलेत. संध्याकाळी येतील. हरणाबाई शेतात. सकाळी मोरीत माझा पाय घसरला, गुडघा सुजलाय, नाहीतर गौरीला घेऊन फिरलो असतो.

गौरी झोपली आहे. उजव्या हातानं दोरी ओढतोय, डाव्यानं हे लिहितोय. लिहीत राहिलं की डोळा लागत नाही. तोंडानं शाळेतल्या कविता, त्यांच्याच चालीवर दोरी. अक्षर लागत नाही, पण तिच्या गालावर थोडी लाली आलीय. हलतंय तोवर ठीक आहे.

दुपार

अर्पितानं पडदा परत सरळ केलाय. दारातून दिसतो. पाळण्याचा डाग पुसट – जवळजवळ गेलाच. देवा –

शेजारी आणखी एक आहे. खुर्ची. टोपी. वाकलेली मान.

हा कधीपासून? पाळणा हलता ठेवला मी. पण मी स्वतः – दिवसच्या दिवस या खुर्चीत –

ऊन उतरलं

उठता येत नाही. पाय आहेत, पण – धोतराचा काठ लाल होता. आता राखाडी.

हरणाबाई शेतातून आल्या असतील म्हणून हाक मारली. आवाज निघाला का, कळलं नाही.

बोटं राखेची झालीत. दोरी धरून आहेत अजून. ओढतोय. मनगटापर्यंत आलंय –

स्कूटर वाजली. दुसऱ्या कुणाची तरी, पुढं गेली.

गौरी, ऊठ गं बाई. रड. हातपाय झाड. आजोबाचा हात आता – पाळणा हळू होत चाल