नंदू यायच्या आत विमान

वणी, २७ मार्च १९६६, रविवार

नंदूच्या तुकडीतला एक पोरगा चांद्याला सुटीवर आला होता, तो वाटेत एक खोकं देऊन गेला. आत लढाईत गाजलेलं नॅट विमान. प्लॅस्टिकचं, सुट्या भागांचं, आपण जोडायचं आणि रंगवायचं. विलायतेला ट्रेनिंगला गेलेल्या कुणा साहेबानं नंदूला आणून दिलं म्हणे. नंदू स्वतः एक मेला येतोय, पंधरा दिवसांच्या रजेवर. युद्ध झाल्यापासून पहिल्यांदाच.

माझं मुलाशी बोलणं नाही, असा गावात समज आहे. चूक. अमरावतीचा ओव्हरसियरचा कोर्स अर्धा टाकून तो मला न विचारता एअर फोर्समध्ये मेकॅनिक झाला. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून विषय निघाला नाही, एवढंच. त्याची पत्रं ही मोठ्यानं वाचते. मी ऐकत नाही, पण घर लहान आहे.

संकल्प: नंदू घरात पाऊल टाकेल तेव्हा बैठकीच्या टेबलावर विमान तयार असेल. तो बघेल, विषय आपोआप निघेल, मला काहीच म्हणावं लागणार नाही. काम एका रविवारचं. फार तर दीड.

३ एप्रिल, रविवार, सकाळी ८

सुरुवात. विमानाचे भाग प्लॅस्टिकच्या फांद्यांना लागून आलेत, आंब्याच्या डहाळीला कैऱ्या लागाव्यात तसे. कामात शिस्त हवी म्हणून आधी सगळे भाग ब्लेडनं कापून ताटात काढले. फांद्या हिच्या चुलीत टाकल्या. घर स्वच्छ.

दुपारी २

भागांचे नंबर फांद्यांवर छापलेले होते.

दुपारी ४

स्वयंपाकघरात भयंकर वास. ही म्हणते, चुलीत काही मेलं काय. वरणाला तोच वास लागला. मी निमूट जेवलो. आमची मुलगी कुंदा भावाच्या बाजूची, ती हसत होती. तिला कॉलेजात हेच शिकवतात वाटतं.

नंबरांची गरज नाही. तहसिलीत नाझर आहे मी. इंग्रजी सर्क्युलरं वाचून वाचून केस पिकले. नकाशा बघून जोडीन.

४ एप्रिल

खोक्यात डिंकाची ट्यूब होती. उन्हानं आतल्या आत खडा झाली आहे. टोचली, दाबली, गरम पाण्यात ठेवली. फुटली. आत काहीच नाही.

७ एप्रिल

कचेरीतला गोंद लावून पाहिला. विमानाची दोन अंगं रात्रभर दोरा बांधून ठेवली. सकाळी दोरा सोडला तर दोन्ही अंगं दोन बाजूंना पडली. मुंग्या मात्र चिकटल्या होत्या. बहुतेक गोंदात गूळ घालतात.

१० एप्रिल, रविवार

सुताराचा सरस आणला. शिजवताना असा वास सुटला की शेजारचे पंजाबराव बघायला आले. मी एअर फोर्सचं काम आहे म्हणून सांगितलं. ते बसूनच राहिले. म्हणाले, नाझर साहेब, एवढ्याशा इमानात बसते तरी कोण? त्यांना प्रमाण, स्केल वगैरे समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि परत विचारलं, पण बसते कोण.

सरस प्लॅस्टिकला धरत नाही. माझ्या शर्टाला धरला.

१३ एप्रिल

औषधाच्या दुकानातून अ‍ॅसिटोन आणलं. दुकानदार म्हणाला, प्लॅस्टिक विरघळून आपोआप जुडेल. बरोबर बोलला. जुडलं. मी आनंदानं जरा जास्त वेळ दाबून धरलं. हात काढला तेव्हा विमानाच्या पाठीवर माझा अंगठा उमटला होता, रेघ न रेघ. दिवसभर कचेरीत लोकांचे अंगठे घेतो, आज माझा देऊन बसलो. घासून निघत नाही. रंगाखाली झाकला जाईल.

१४ एप्रिल

पंख लागले. नकाशाप्रमाणे लावले तर जरा खाली झुकतात. म्हणजे साहेब लोकांची सरळ चूक. उडायचं ते विमान आणि पंख खाली? खालून दोन बाजूंना दोन वह्या लावून पंख वर करून सुकवले. नंदूला हे दाखवायचं आहे. यंत्राची नजर घराण्यातच आहे, कोर्स पुरा केला असता तर त्यालाही आली असती.

दोन तुकडे उरलेत. बहुतेक जास्तीचे दिले असावेत. एक खुर्चीसारखा दिसतो, एक माणसासारखा.

पंजाबरावांना पायलट दाखवायला गेलो तर बिचारा पेनाच्या टोपणापेक्षा लहान, बोटांतून निसटला. अर्धा तास अंगणात शोधला. त्यांची कोंबडी संशयास्पद चालत होती.

१६ एप्रिल

चंदेरी रंग आणला, पत्र्याच्या ट्रंकांना लावतात तो. सगळ्या विमानाला दोन हात दिले. अंगठा चंदेरी झाला, पण गेला नाही. उलट आता लांबून दिसतो.

रंग सुकत नाही. ब्रशचे केस मात्र सुकून त्यातच राहिले.

१७ एप्रिल, रविवार

पंखांवर आपली तिरंगी चक्रं काढायची. हिरवा रंग पंजाबरावांकडे होता, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला. पांढऱ्याला चुना. केशरी कुठे मिळेना. एकदम सुचलं. हिच्या पूजेच्या डब्यातला शेंदूर, तेलात कालवून. काय रंग आला! कॅलेंडरवर दाखवतात त्याहून झकास.

ही म्हणाली, देवाचा शेंदूर कायले घेतला, मले विचारलं तरी असतं. म्हटलं, देशाचं काम आहे. त्यावर ती म्हणाली, देशाचं हाय तं देशाले मागा.

विमान बैठकीच्या भिंतीतल्या देवळीत ठेवलं. तिथे धूळ लागत नाही.

१८ एप्रिल

भलतंच झालं. पंजाबरावांच्या आई, मानीबाई, ताक मागायला आल्या. देवळीत शेंदूर दिसला. पदर सावरून हात जोडले. निघताना विमानावर मोगऱ्याचं फूल ठेवून गेल्या.

फूल ओल्या रंगाला चिकटलं. काढताना एका चाकासकट निघालं.

१९ एप्रिल

मी चाक लावत होतो तर मानीबाई परत. म्हणाल्या, आंघोळ झाली काय, तशाच हातानं धरून राह्यले. मी सांगितलं की हे विमान आहे. त्या म्हणाल्या, शेंदूर लागला ना, मंग झालं. ही आत तोंडाला पदर लावून उभी होती.

संकल्प: उद्यापासून चिडायचं नाही. रक्तदाबाला वाईट.

२१ एप्रिल

चिडलो. कुणीतरी विमानाच्या नाकाला कुंकू लावलं.

२४ एप्रिल, रविवार

नंदू यायला एकच आठवडा. विमान अजून चिकट. बोट लावलं की बोट केशरी. तेल सुकत नसतं, हे मला माहीत होतं, पण शेंदराच्या बाबतीत वेगळं असेल असं वाटलं होतं. त्यात आता धूळ, एक डास आणि मानीबाईंच्या अक्षता.

रात्री ही म्हणाली, पोरगा येऊन राह्यला, त्याच्याशी काय बोलाचं ते ठरवा, इमान घेऊन काहून बसले? मी म्हणालो, ठरवलंय. तिनं काय म्हणून विचारलं. मी दिवा बारीक केला.

खरं सांगायचं तर काहीच ठरलेलं नाही. पोरगा लढाईच्या दिवसांत तिकडे होता, तेव्हा रेडिओ मी बंद करू दिला नव्हता. हे त्याला कसं सांगतात मला माहीत नाही. विमान झालं पाहिजे.

२९ एप्रिल, सकाळी

उपाय सापडला, आणि तो डोक्यावरच होता. वणीचं ऊन. ही गच्चीवर कुरडया वाळवते, त्या एका दिवसात खडखडीत होतात. मग विमान का नाही? न्हाणीवरच्या टिनावर ठेवून कचेरीत गेलो. शिपायाला सांगितलं, आज संध्याकाळी काम फत्ते.

२९ एप्रिल, संध्याकाळी

टिनावर हात ठेवला तर फोड आला. विमान सुकलं आहे. रंगाबद्दल तक्रार नाही.

पंख दोन्ही बाजूंना खाली लोंबले आहेत, वाळत घातलेल्या धोतरासारखे. शेपटी बसली. नाक वर बघतं. अंगठा तेवढा जागच्या जागी, अगदी स्पष्ट. कुंदा म्हणाली, बाबा, हे उतरलेलं विमान म्हणून दाखवता येईल. हिनं फोडाला तूप लावलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

३० एप्रिल

पंख गरम पाण्यात धरून वर करायचा प्रयत्न. एक वर झाला. दुसरा हातात आला.

नवा संकल्प: नंदूला विमान दाखवायचं नाही. खोकं आलंच नाही असं समजायचं. देवळीत टोपलं पालथं घालून ठेवलं.

१ मे, रविवार

नंदू दुपारच्या एसटीनं आला. काळा पडलाय, खांदे भरलेत. पाया पडला. मी डोक्यावर हात ठेवला. जेवताना नेहमीच्या पद्धतीनं चाललं. मी हिला म्हणायचं, त्याला भात वाढ. त्यानं हिला म्हणायचं, बाबाले सांग, तब्येत पाहत जा.

तेवढ्यात मानीबाई आल्या, सरळ देवळीपाशी गेल्या, टोपलं उचललं आणि हात जोडले.

नंदूनं विमान तळव्यावर घेतलं. उलटंपालटं करून बघितलं. हसेल असं वाटलं. हसला नाही. अंगठ्यावरून बोट फिरवलं आणि आईला विचारलं, बाबाचा काय? ही म्हणाली, हो. महिनाभर हेच करून राह्यले होते. कोणाले हात लावू देत नव्हते.

मग तो आईला म्हणाला, पण मला ऐकू जाईल अशा आवाजात, की मले बी बनवता येत नाही हे. रजेत बाबा अन् मी मिळून बनवू, म्हणून पुढं पाठवलं होतं. दोघं एका जागी बसलो असतो तेवढे दिवस.

मी वर्तमानपत्र वाचत होतो. कालचं होतं. नंतर पाहिलं तर उलटंही होतं.

ही माझ्याकडे आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, मंग आता पंधरा दिवस तुम्ही दोघं काय करान? नंदूनं विमान परत देवळीत ठेवलं, मी पान उलटलं. फार वाईट वाटलं. इथे लिहितो, कारण तिथे सांगता आलं नाही.

२ मे, सोमवार

रजा टाकली. कचेरीत कारण लिहिलं, घरगुती काम.

काम हिनं दिलं. सकाळीच दोघांच्या हातात एकेक काठी देऊन गच्चीवर पाठवलं, कावळे हाकायला. कुरडया घातलेलं धोतर मधे. एका टोकाला तो, एका टोकाला मी. डोक्यावर ओले टॉवेल. त्याच्या बाजूनं कावळा आला की त्यानं हाकायचा, माझ्या बाजूनं आला की मी. काम नीट चाललं होतं. एअर फोर्सच्या माणसाला कावळे हाकताना बघितलं. हात चांगला आहे.

अकराच्या सुमाराला तो म्हणाला, बाबा, तुमच्या बाजूनं येऊन राह्यला.

दोन वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोलला. मधे आई नाही, पत्र नाही. अशा वेळी उत्तर विचार करूनच द्यायला हवं. काय म्हणावं, कुठून सुरुवात करावी, रेडिओचं आधी सांगावं की कोर्सचं, हे मी मनात जुळवत होतो. जवळजवळ जुळलंच होतं.

तेवढ्यात कावळा कुरडई घेऊन गेला.