मोराच्या मानेखालचा ठोका

सोलापूर, मार्च १९७४. मंगळवार, संध्याकाळ

निवृत्ती तांबटाचा पितळी मोर आज हस्तकलेच्या प्रदर्शनातून परत पाठवला. माढ्याकडच्या त्याच्या गावाहून एसटीत मांडीवर धरून आणलेला. कारण काय, तर मानेखाली हातोडीच्या ठोक्याची खूण दिसते! त्यांच्या घरची रीतच आहे ती. वस्तू चिंचेनं घासून लख्ख केली की शेवटचा एक ठोका मारायचा आणि तो तसाच ठेवायचा.

अधिकारी म्हणाले, "एवढा डाग घासून आणा, पहिल्या टेबलावर मांडतो."

"डाग न्हाय साहेब, माझा हात हाय त्यो," निवृत्ती म्हणाला. "गुळगुळीतच पायजे तर कारखान्यातला हंडा मांडा की!" मोर फडक्यात गुंडाळून तो स्टँडकडे चालू लागला.

मी घडलं तसं लिहिलं. संपादक म्हणाले, "बातमी छान. फक्त मोर परत पाठवल्याचा परिच्छेद काढा. उद्या उद्घाटन, कशाला वाद?"

वीस वर्षांत असे कितीतरी परिच्छेद मुकाट्यानं काढले. वाईटही वाटलं नाही. मग आजच का? तो मानेखालचा ठोका डोळ्यांसमोरून हलेना. अंगठ्याएवढा असेल फार तर.

परिच्छेद ठेवला. आमच्याकडे बातमीखाली नाव घालायची पद्धत नाही. आज माझं घातलं आणि मजकूर छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याच्या हाती दिला.

उद्या छापलेलं पाहून संपादक बोलावतील, खुलासा लिहा म्हणतील. म्हणू देत. त्या नावाखाली मी खुलाशाची एक ओळही लिहिणार नाही.