हौदावर काय झालं

कारेलीबाग, बडोदे
१२ जून २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? आमरस संपवला नसशील तर माझा वाटा राख.

फोनवर हे बोलता येत नाही, तुझ्या घरी आश्रमाचं नावही कुणाला माहीत नाही. म्हणून पत्र. अनाथाश्रमांत मार खाल्लेल्या मुलांना भरपाई द्यायला सरकारने समिती नेमली आहे. माझ्या बहिऱ्या कानासाठी मी अर्ज केला. कारकून म्हणाला, पुरावो क्यां छे, बेन? आणि त्यानेच आश्रमाचं १९८९चं रजिस्टर उघडलं. ‘मोहना, वय आठ, जिन्यावरून पडली.’ खाली साक्षीदार म्हणून तुझी सही.

आश्रम तर बैठा होता, ताई. जिना कुठला? सुनावणी पाच जुलैला आहे. तू आली नाहीस तर अर्ज फेटाळतील.

तुझी,
मोहना

जळगाव
२० जून २०२४

चि. मोहनास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीन दिवस तांदळाच्या डब्यात लपवलं होतं. आता एका दमात लिहिते, थांबले तर पुन्हा लिहिणार नाही.

त्या दिवशी तू अंथरूण ओलं केलंस. आपल्या अधीक्षिका नलिनीबाईंनी तुला केसांना धरून हौदापर्यंत फरफटत नेलं. मला म्हणाल्या, हिचे हात मागे धर, सोडलेस तर हिला बुडवीन. मी तेरा वर्षांची. मी धरले. त्यांनी तुझं डोकं दगडी काठावर आपटलं. एकदा, दोनदा, मग मी मोजायचं सोडलं. तू ‘कुणीतरी सोडा’ म्हणून किंचाळत होतीस. कानातून रक्त आलं, तू लोळागोळा झालीस, तरी मी धरूनच होते. मग माझ्याच परकराने त्यांनी तो काठ पुसून घेतला आणि रजिस्टर पुढे केलं.

काल ह्यांना सगळं सांगितलं. ते उठले आणि जाऊन माझं तिकीट काढून आले.

मी येते. त्यानंतर माझं तोंड बघायचं नसेल तर तसं सांग.

कांचन

बडोदे
९ सप्टेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अर्ज मंजूर झाला. कागद आज हातात पडला.

सुनावणीच्या दिवशी समितीच्या साहेबांनी तुला तीनदा दरडावलं, तेव्हा खोटं लिहिलंत तर आजचं खरं कशावरून? तू उठलीस आणि त्यांच्या टेबलापुढे माझे हात मागे धरलेस. मी अशी किंचाळले की बाहेरचे लोक दार उघडून आत आले. साहेबांनी रजिस्टर मिटलं आणि तुझी साक्ष लिहून घेतली.

स्टेशनवर बोलायचं राहिलं, ते आता सांगते. हात कुणाचे होते हे मला आठव्या वर्षापासून माहीत आहे. तुझे हात मी ओळखणार नाही? खोटं कशाला बोलू, कितीतरी वर्षं ते तोडून टाकावेसे वाटायचे. पण ते माझ्यापेक्षा जास्त कापत होते, तेही आठवतं.

आज समितीतून आणखी एक कोरा अर्ज आणला. अर्जदार म्हणून तुझं नाव घातलंय. अत्याचाराच्या रकान्यात काय लिहायचं ते कारकुनाला सुचेना. मी लिहिलं, ‘हिला बहिणीचे हात धरायला लावले.’

भाऊजींना नमस्कार. लोभ मागत नाही, तो आहेच.

तुझी,
मोहना