थांबलं की बंद पडणारं गाव

पनवेल, रविवार

प्रिय दादा,

हे पत्र तुझ्या जहाजावर कधी पोचेल कोण जाणे. फोनवर दोनदा सांगायला घेतलं, पण तू "बाबा कसे आहेत?" विचारतोस, मी "बरे आहेत" म्हणते आणि रेंज जाते. म्हणून शेवटी लिहायलाच बसले.

मी आपलं गाव बनवतेय. विमानतळात गेलेलं, तेच. ऑफिसात मी बिल्डरांसाठी अजून न बांधलेल्या इमारती कॉम्प्युटरवर उभ्या करते. मग पाडलेलं गाव का नाही? दीड वर्ष लागलं. लोकांकडचे लग्नाचे फोटो गोळा केले, भीमाबाई काकीने तर विहिरीच्या पायऱ्या बोटांवर मोजून दिल्या. माउस हलवला की वाटेने चालत जाता येतं, अगदी मिठागराच्या बांधापर्यंत.

मे महिन्यात बाबांना खुर्चीत बसवलं. ते देवळावरून पुढे गेले, आपल्या घरासमोर येऊन थांबले, आणि स्क्रीन काळी झाली. कॉम्प्युटरचा पंखा घोंघावायला लागला. बाबांनी हात झटकन मागे घेतला. "माझ्याकडून मोडला काय गं?" असं त्यांनी इतक्या हळू विचारलं, की मला गलबलून आलं.

पुढचे तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. माझ्या मशीनवर लिनक्स आहे, जगभरातल्या माणसांनी मिळून बनवलेली प्रणाली. त्यात काही बिघडलं तर आत काय झालं याची नोंद सापडते. दर वेळी शेवटची ओळ तीच, चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड उत्तर देत नाही. कार्ड तापतंय म्हणून कॉम्प्युटरचा डबा उघडून टेबलफॅन लावला. मेमरी तपासली, वायर बदलली. काही नाही. बाबा मात्र रोज मागे बसून बघायचे. एक दिवस म्हणाले, "चालती हाय तवर बरी हाय. उभी रायली का बंद. मनू, गाडी आयडलला मरतेय." तीस वर्षं कळंबोलीला ट्रक चालवलेला माणूस! खरंच, चालताना कधीच बंद पडत नव्हतं. बघत उभं राहिलं की कार्ड वीज वाचवायला क्षणभर झोपायचं, आणि त्याला परत जाग यायची नाही.

लिनक्सची जुनी आवृत्ती घातली तर सगळं ठीक. म्हणजे खोट मधे कुठेतरी शिरली होती. मधे आठ हजारांहून जास्त बदल, जगभरातल्या माणसांनी केलेले. पण दादा, दर वेळी बरोबर अर्ध्यावर जायचं, तिथली आवृत्ती बनवायची, घरासमोर थांबून बघायचं, आणि उरलेल्यातलं अर्धं टाकून द्यायचं. चौदाव्या खेपेला एकच बदल हातात उरला. एवढ्या मोठ्या रानात एक काडी सापडावी, आणि ती मला!

लिनक्स सांभाळणाऱ्यांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं लिहून पाठवलं. बाबांचं आयडलचं वाक्यसुद्धा. दुसऱ्या दिवशी उरुग्वेहून एका बाईचं उत्तर आलं. ना ओळख, ना देणंघेणं. तिने लिहिलं होतं, तुझे वडील बरोबर आहेत. सोबत दुरुस्तीच्या दोन ओळी. त्या घातल्या आणि बाबांना बोलावलं. ते घरासमोर उभे राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. स्क्रीन काळी झाली नाही, बाबाही हलले नाहीत.

मग त्या बाईने विचारलं, दुरुस्तीच्या नोंदीत तुमची नावं घालू का? आता त्या दुरुस्तीखाली लिहिलंय: मनस्वी घरत, काशीराम घरत. जिथे जिथे ती प्रणाली जाईल तिथे ती नोंद सोबत. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "येवढ्या लांब कोन वाचतंय आपलं नाव?" आणि मग दिवसभर शेजाऱ्यांना सांगत फिरले.

आता मूळ गोष्ट. परवा बाबा पहिल्यांदा घराच्या आत गेले. ओटी, माजघर, मग स्वयंपाकघर. तिथे थांबले आणि म्हणाले, "ही ती खोली नाय." माझ्या लक्षात आलं. मी बांधलंय ते नंतरचं स्वयंपाकघर, गॅसच्या ओट्याचं. आई गेल्यावर त्यांनी चूल मोडून तो केला होता. आधीचं कसं होतं, विचारलं. ते उठून बाहेर गेले. काकीलाही नीट सांगता येत नाही. मी तेव्हा दोन वर्षांची होते. तू दहा. चूल कुठल्या भिंतीला होती? खिडकी होती का, आणि ऊन कुठून यायचं? आई दाराकडे तोंड करून बसायची की पाठ करून? आपण तिच्याबद्दल कधी बोललोच नाही, दादा. मला वाटायचं तुला त्रास होईल. तुला वाटत असेल, हिला काय आठवतंय. खरंच काही आठवत नाही रे. तू लिहिशील तशीच ती मला पहिल्यांदा दिसणार आहे. सावकाश लिही, पण सगळं लिही.

तुझीच,
मनू