बारा सहलींचा तक्ता आणि तीन ताटल्या

पूज्य मामांच्या चरणी भाच्याचा साष्टांग नमस्कार. (हल्ली गुडघ्यांमुळे आठांपैकी पाचच अंगे जमिनीला टेकतात. उरलेली तीन मनाने टेकली आहेत असे समजावे.) तुमचा खोकला गेला का? मामींचा चष्मा सापडला का, की त्या अजून चष्म्यावाचूनच चष्मा शोधताहेत? माळ्यावरची मांजर व्याली असेल. ही सगळी चौकशी मी अगदी मनापासून करतो आहे, पण उत्तरासाठी थांबत नाही, कारण गेले अकरा दिवस माझ्या अंगाचा तिळपापड झाला आहे आणि तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला घास गोड लागणार नाही. घरात सांगून झाले. तुमची भाचेसून पहिले तीन दिवस ऐकत होती, चौथ्या दिवशी तिने मिक्सर लावला.

गेल्या खेपेला मी निघताना तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, "सभेत गप्प बस." वर्षभरात तुम्ही माझ्याशी बोललेले ते दुसरे वाक्य. (पहिले, आमच्या क्लबात मासा धरून पुन्हा पाण्यात सोडतात हे कळल्यावरचे: "मग धरता कशाला?" त्याचे उत्तर मी अजून शोधतो आहे.) मामा, मी तुमचा शब्द मोडला. पण का मोडला ते ऐकून घ्या, आणि मग काय ती शिक्षा द्या.

तुम्ही गांडूळवाले. गळाला गांडूळ लावायचे, पाण्यात सोडायचे आणि मासा येईपर्यंत दगडाशेजारी दुसरा दगड होऊन बसायचे, ही तुमची रीत. आमचे फ्लाय फिशिंग म्हणजे पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. ती लांब काठीच्या जाड दोरीला बांधून डोक्यावरून मागे-पुढे, मागे-पुढे झुलवायची आणि पाण्यावर अशी अलगद ठेवायची की माशाला वाटावे, आली बिचारी उडत उडत. यात मनगट लागते, डोळा लागतो, आणि माझ्या मते सर्वांत जास्त लागतो तो अभ्यास. मी या विषयावरचे नऊ ग्रंथ वाचले आहेत. ग्रंथालयात चौतीस वर्षे काढली ती काय पुस्तकांची धूळ झटकायला?

तर आमच्या क्लबाची वार्षिक सभा. सायकलदुरुस्तीच्या दुकानावरची आमची खोली तुम्ही पाहिली आहे: एक खिडकी, छत्तीस सभासद आणि खालून येणारा रबराचा वास. या क्लबात वर्षानुवर्षे एकच प्रकार चालत आला आहे. सहल ठरते ती चार-पाच तरबेजांच्या सोयीने. पाणी कमरेपर्यंत, धार अशी की उभा माणूस आडवा व्हावा. ते चार-पाच जण मध्ये उभे राहून माश्या झुलवणार, आणि बाकीचे एकतीस काठावर बसून त्यांच्या चपला राखणार! आमचा बेकरीवाला आठ वर्षे सभासद आहे. आठ वर्षांत त्याने नदीत काय केले माहीत आहे? कप धुतले. इतरांचे. हे बघून ज्याचे रक्त तापत नाही त्याने ते एकदा तपासून घ्यावे. मी उठलो. मी चाळीस मिनिटे बोललो. नदी कुणाच्या बापाची नाही, तिला नवशिका कळत नाही आणि तरबेज कळत नाही, तिच्या लेखी सगळ्यांचेच पाय ओले, असे मी म्हणालो. टाळ्या झाल्या. बेकरीवाल्याने डोळे पुसले. आणि टाळ्या थांबायच्या आत आमचा दंतवैद्य (क्लबाचा अध्यक्ष, तरबेजांचा मुकुटमणी, माणसाचे तोंड उघडे ठेवून त्यालाच प्रश्न विचारण्याची सवय असलेला गृहस्थ) गोड हसून म्हणाला, "छानच. मग येत्या वर्षाच्या बारा सहली तुम्हीच आखा. सर्व पातळ्यांसाठी."

आमच्याकडे बोलणाऱ्याला शिक्षा ही अशी असते, मामा. जो आग लागली म्हणून ओरडतो त्याच्याच हातात बादली.

घेतली बादली! भिंतीवर तक्ता लावला, बारा घरे आखली. थंडीत खोलीत बसून माश्या बांधायला शिकणे, मग संथ तळे, मग उथळ ओढा, पुराचे दोन महिने दोरीच्या गाठी आणि पाण्यात न बुडण्याचे धडे, आणि वर्षाअखेरीस तीच ती कमरेपर्यंतची धार, पण या वेळी सगळे आत. प्रत्येक तरबेजाच्या खांद्याशी नवशिके. हात धरून न्यायचे, हात धरून आणायचे. यासाठी कोण कुठल्या पातळीचा ते कळायला हवे, म्हणून मी एक साधा अर्ज काढला. स्वतःच लिहा: नवशिका, जाणता की तरबेज? माणसाच्या प्रामाणिकपणावर विश्वास ठेवला. चूक माझी.

एकतीस जणांनी "जाणता" लिहिले. एकतीस! कप धुणाऱ्या बेकरीवाल्यानेही. ज्याने मागच्या वर्षी काठी उलटी धरली होती त्या विमा एजंटानेही. (मीही जाणता लिहिले, पण माझी गोष्ट वेगळी. नऊ ग्रंथ.) चौघांनी तरबेज लिहिले, त्यात दंतवैद्याने ते दोनदा अधोरेखित केले. आणि संपूर्ण क्लबात "नवशिकी" असे लिहिणारी व्यक्ती एकच निघाली: आमच्या टपालबाई. तीस वर्षे टपाल वाटले आणि तीस वर्षे दर सुट्टीला नदीवर गेल्या. दंतवैद्य ज्या माश्या मिरवतो त्याही त्यांनी बांधलेल्या. विचारले तर म्हणाल्या, "अजून शिकतेच आहे की, भाऊ." ज्या क्लबात शिकणारी एक आणि शिकून बसलेले पस्तीस, त्या क्लबाचे काय होणार?

मी निर्णय घेतला: चाचणी. मुख्याध्यापक आमचे सभासद, म्हणून शाळेचे पटांगण मिळाले, शनिवारी सकाळी, वर्ग चालू असताना. तीन पत्र्याच्या ताटल्या मांडल्या, दहा पावलांवर एक, पंधरावर दुसरी, पंचविसावर तिसरी. प्रत्येकाला तीन फेकी. पंचविसाव्या पावलावरच्या ताटलीत माशी पडली तर तरबेज, अलीकडच्या दोहोंपैकी एकीत पडली तर जाणता, कुठेच नाही तर नवशिका. परीक्षक टपालबाई. त्यांनी सुचवले की माशीचा आकडा काढून लोकरीचा गोंडा लावू, कुणाला लागायला नको. मी म्हणालो, नाही! चाचणी खरी तर हत्यारही खरे. या मुद्द्यावर मी वीस मिनिटे बोललो. चहा निवला, पण मुद्दा पटला. त्यांनी फक्त खिशातून एक छोटी पक्कड काढून हाताशी ठेवली. का, ते मला तेव्हा कळले नाही.

पहिला मान अध्यक्षांचा. दंतवैद्याने बाह्या सरसावल्या, दोरी मागे नेली, अगदी डौलात नेली, आणि तो खरा आकडा मागे व्हरांड्यात टांगलेल्या शाळेच्या घंटेच्या दोरात जाऊन अडकला. त्याने हिसका दिला. घंटा वाजली. त्याने आणखी हिसका दिला. घंटा आणखी वाजली. साडेनऊ वाजता शाळा सुटली असे समजून सहाशे पोरे पटांगणात आली, मामा! ताटल्या लाथेलाथेने कुठल्या कुठे गेल्या. शिपाई धावला, मुख्याध्यापक धावले, मी "काठ्या खाली!" असे ओरडत होतो, आणि दंतवैद्य या सगळ्यात काय म्हणाला? "ही फेक धरू नका." म्हणजे शाळा सुटली तरी याची फेक धरायची नाही! (पोरे परत वर्गात कोंबल्यावर त्याने उरलेल्या दोन्ही फेकी पंचविसाव्या पावलावरच्या ताटलीत टण्‌ टण्‌ पाडल्या. शत्रूचेही खरे लिहावे लागते, म्हणून लिहिले.) दुपारपर्यंत निकाल लागला: तरबेज पाच, जाणते बारा, नवशिके एकोणीस. टपालबाईंनी चपला काढल्या, तिन्ही ताटल्यांत एकेक माशी ठेवली आणि वही उघडली. बेकरीवाल्याची एकही पडली नाही. (माझी पाळी शेवटी होती. तिच्याविषयी लिहायला इथे जागा पुरणार नाही.)

निकाल फळ्यावर लागला आणि क्लबात जणू सुतक पडले. नवशिके ठरलेली माणसे माझ्याशी बोलेनात. विमा एजंट मला बघून रस्ता ओलांडतो, तेही मला विमा नको असताना! आणि या नाराजीवर दंतवैद्याने आपली पोळी भाजून घेतली. त्याने ठराव मांडला आहे: एक तक्ता रद्द, त्याऐवजी तीन. तरबेजांना नदी. जाणत्यांना ओढा. नवशिक्यांना वीटभट्टीमागचे डबके, जिथे तीन वर्षांत फक्त एक बूट गळाला लागला आहे, आणि तोही डाव्या पायाचा. कारण काय, तर नवशिक्यांच्या धपाधपीने मासे पळतात. अहो, पळू देत! पोहायला शिकताना पाणी उडतेच. म्हणून काय शिकणाऱ्याला आधी कोरड्या विहिरीत उतरवतात? आणि डबक्यात शिकवणार कोण, बूट? या रविवारी मतदान आहे. ठराव पास झाला तर बेकरीवाला उरलेला जन्म कप धुणार. काल तो माझ्याकडे आला, पिठाच्या हातांनीच. म्हणाला, "पातळी कुठलीही लिहा हो, पण एकदा मला पाण्यात उतरवा."

म्हणून मी लढणार. एक तक्ता, बारा सहली, छत्तीस माणसे. रविवारच्या भाषणाचे सतरा मुद्दे तयार आहेत. मामींना नमस्कार, मांजरीला आशीर्वाद. चष्मा बहुधा फ्रिजवर असेल.

तुमचा आज्ञाधारक (एक आज्ञा वगळता) भाचा

ता. क. ठरावाला जोडून दंतवैद्याने एक नियम वाचून दाखवला: संयुक्त सहलींचा प्रमुख किमान जाणता असलाच पाहिजे, नाहीतर संयुक्त तक्ता आपोआप रद्द. कसला हा कावा, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले असते, पण तो नियम माझ्याच हस्ताक्षरात, माझ्याच अर्जाच्या मागच्या बाजूला आहे. आणि प्रमुख व्हायला माझ्याशिवाय कुणी तयार नाही. टपालबाई म्हणाल्या, "मी पत्रं पोचवली, भाऊ. माणसं पोचवायला सांगू नका."

ता. क. २. वर जागा पुरणार नाही म्हणालो ते खरे नव्हते. तिन्ही फेकी मिळून माझी माशी पुढे गेलीच नाही. पहिली टोपीत, दुसरी बाहीत, तिसरी मानेमागे कॉलरमध्ये. टपालबाईंनी तीच पक्कड घेऊन ती काढली. एकोणिसांत एकोणिसावा मी आहे. मात्र नापासांना शनिवारी फेरचाचणी आहे. (हाही नियम माझाच. हा एक बरा केला.)

ता. क. ३. आकडा काढताना बाई म्हणाल्या, "भाऊ, भाषण करताना तुमचा हात इतका सुरेख चालतो, मागे थांबतो, पुढे येतो, अगदी हवा तसा. पण काठी हातात असताना तुम्ही बोलायला लागलात, की दोरी ऐकत बसते." मला राग आला. रागाच्या भरात सोमवारी पहाटे पटांगणात गेलो, ओठ घट्ट मिटले आणि काठी फिरवली. माशी दहा पावलांवरच्या ताटलीत पडली. तिथेच घात झाला. "पडली!" म्हणून जो बोलायला लागलो तो शाळा भरेपर्यंत थांबलो नाही, आणि पुढच्या अकरा फेकींत कॉलर दोनदा फाटली. भाचेसून शिवून देते, पण शिवताना हसते.

ता. क. ४. आता मुद्द्याचे. लहानपणी ओढ्यावर मी तुमच्या शेजारी दिवसभर बसायचो आणि तोंडातून शब्द फुटत नसे. तुम्ही कधी रागावला नाहीत. नुसते बघायचात. जगात माझे बोलणे थांबवू शकणारा माणूस तुमच्याशिवाय दुसरा नाही, आणि बेकरीवाल्याचे पाय ओले होणे न होणे त्यावर ठरणार आहे. गुरुवारच्या सकाळच्या बसने या. दोन दिवस पटांगणाच्या कडेला बसा, आणि शनिवारी चाचणीला, माझ्यासमोर. गांडुळे आणू नका. काही बोलायची गरज नाही.

उत्तरही पाठवू नका. आजवर तुम्ही माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलेले नाही आणि मी दर वेळी तो होकारच समजत आलो आहे. गुरुवारी बसथांब्यावर मी उभा असेन. गप्प.